ॲस्पार्टेम पोटात गेल्यावर त्याचं नेमकं काय होतं?

साखर नसलेल्या गोड पेयाचा डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. घटकांच्या यादीखाली अगदी बारीक अक्षरांत एक ओळ असते: यात फेनिलॅलानिन आहे, फेनिलकेटोन्युरिया असलेल्यांसाठी योग्य नाही, अशा अर्थाची. ही ओळ फारशी कुणी वाचत नाही. वाचली तरी त्यातला एकही शब्द ओळखीचा नसतो, त्यामुळे नजर पुढे सरकते. साखरेऐवजी घ्यायच्या गोळ्यांबद्दल मला आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच होता: "त्यानं कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?"

म्हणजे जो इशारा डब्यावर छापलाय त्याची कुणाला भीती नाही, आणि ज्याची भीती आहे तो डब्यावर नाही. हे उलट व्हायला हवं असं माझं मत आहे. ते का, हे कळायला रसायनशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही. ॲस्पार्टेम, म्हणजे या पेयांत आणि गोळ्यांत साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ, तोंडातून आत गेल्यावर कुठवर पोहोचतं आणि कोणत्या रूपात पोहोचतं, एवढा माग काढला की बराचसा गुंता सुटतो.

बोटाला लागलेली गोडी

१९६५ साली अमेरिकेतल्या जी. डी. सर्ल या औषध कंपनीत जेम्स श्लॅटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ अल्सरवरच्या औषधासाठी काम करत होते. जठराला आम्ल सोडायला लावणारं गॅस्ट्रिन नावाचं एक संप्रेरक असतं. त्याच्या टोकाला असलेला चार अमिनो आम्लांचा तुकडा त्यांना प्रयोगशाळेत बनवायचा होता. तो बनवताना मधल्या टप्प्यावर दोन अमिनो आम्लांची एक जोडी तयार होते. ती पूड थोडी बोटांना लागली. नंतर कागद उचलताना त्यांनी सवयीनं बोट जिभेला लावलं, आणि बोट गोड लागलं. आज हजारो पदार्थांत असलेलं ॲस्पार्टेम ते हेच. युरोपात घटकांच्या यादीत ते ई ९५१ या क्रमांकानंही लिहिलेलं असतं.

ही जोडी कोणाची, ते महत्त्वाचं आहे. एक ॲस्पार्टिक आम्ल, दुसरं फेनिलॅलानिन. दोन्ही अमिनो आम्लं आहेत, म्हणजे ज्या मण्यांची माळ ओवून प्रथिनं बनतात त्यातलेच दोन मणी. दूध, अंडी, डाळी, मांस, धान्य, सगळ्यांत हे दोन्ही असतात. फरक एवढाच, की ॲस्पार्टेममध्ये फेनिलॅलानिनच्या मोकळ्या टोकाला मिथेनॉलचा एक छोटा गट जोडलेला असतो. गोडी येते ती या तीन तुकड्यांच्या एकत्र आकारातून. सुटे सुटे ठेवले तर त्यांची ही गोडी राहत नाही. आकाराचं महत्त्व इतकं, की जोडीतल्या फेनिलॅलानिनच्या जागी त्याचंच आरशातलं प्रतिबिंब असलेला रेणू बसवला, तर तीच जोडी कडू लागते.

ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड आहे. चमचाभर साखर म्हणजे ४ ग्रॅम धरली, तर तेवढ्या गोडीला २० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम पुरतं. एका गोळीत साधारण एवढंच असतं. यात कॅलरी नसतात हा समज मात्र बरोबर नाही. ग्रॅममागे ते साखरेइतक्याच, म्हणजे ४ कॅलरी देतं. पण २० मिलिग्रॅमच्या कॅलरी मोजायला गेलात तर ०.०८ भरतात, म्हणून हिशेबात धरत नाहीत.

गिळल्यानंतर

लहान आतड्याच्या आतल्या भिंतीवर प्रथिनं तोडणारे एन्झाइम बसलेले असतात. जेवणातल्या प्रथिनांची माळ तोडून मणी सुटे करणं हे त्यांचं दिवसभराचं काम. ॲस्पार्टेम त्यांच्यासमोर आलं की मिथेनॉलचा गट सुटतो आणि दोन मण्यांची जोडीही फुटते. वजनाच्या हिशेबानं साधारण ५० टक्के फेनिलॅलानिन, ४० टक्के ॲस्पार्टिक आम्ल आणि १० टक्के मिथेनॉल, असे तीन तुकडे निघतात आणि ते रक्तात शोषले जातात.

अखंड ॲस्पार्टेम रक्तात जात नाही.

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. जो पदार्थ यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत, गर्भापर्यंत मूळ रूपात पोहोचतच नाही, तो तिथे काय करतो हा प्रश्नच बदलतो. आता विचारायचं ते एवढंच, की हे तीन तुकडे तिथे काय करतात, आणि ते किती असतात. सगळ्या कृत्रिम स्वीटनरांना हे लागू नाही. सॅकरिन न मोडता लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. सुक्रालोजचा बहुतांश भाग न शोषला जाता आतड्यातून निघून जातो. त्यामुळे "कृत्रिम स्वीटनर चांगले की वाईट" असा सरसकट प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० निरोगी माणसांना दोन आठवडे वेगवेगळी स्वीटनर दिली, तेव्हा सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्या शरीराचा साखर हाताळण्याचा प्रतिसाद बिघडलेला दिसला. ॲस्पार्टेमच्या गटात तसा ठळक बिघाड दिसला नाही.

तिन्ही तुकड्यांत सगळ्यात जास्त घाबरवतं ते मिथेनॉल, आणि घाबरणं समजण्यासारखं आहे. विषारी दारू पिऊन माणसं आंधळी होतात, मरतात, ती याच मिथेनॉलमुळे. शरीरात त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड होतं आणि मग फॉर्मिक आम्ल. ते आम्ल साचलं की डोळ्यांची नस जाते. हे सगळं खरं आहे. म्हणून इथे प्रमाण अगदी जवळून पाहू.

साखर नसलेल्या पेयाच्या एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असू शकतं. २०० धरलं तर त्यातून सुमारे २० मिलिग्रॅम मिथेनॉल निघतं. शुद्ध मिथेनॉल १० मिलिलिटर एवढं कमी पोटात गेलं तरी कायमचं अंधत्व येऊ शकतं. ते वजनात जवळजवळ ८,००० मिलिग्रॅम होतं, म्हणजे ४०० डब्यांइतकं, आणि तेही एकदम. दुसरीकडे फळांच्या रसांतही मिथेनॉल असतंच, कारण फळांमधलं पेक्टिन फुटताना ते सुटतं. लिटरभर रसात सरासरी १४० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे तेवढाच डबाभर रस प्यायला तर ॲस्पार्टेमच्या डब्यापेक्षा जास्त मिथेनॉल पोटात जातं, आणि फळांचा रस प्यायल्यानं कुणाची दृष्टी गेलेली नाही.

फॉर्मल्डिहाइडचंही तसंच. हा शब्द ऐकला की प्रयोगशाळेतल्या बरण्या डोळ्यांपुढे येतात. पण आपलं शरीर रोजच्या चयापचयात स्वतःच फॉर्मल्डिहाइड बनवतं आणि लगेच मोडतं. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या अंदाजानुसार ही उलाढाल दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ९०० ते १,३०० मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसात ५० ग्रॅमच्याही वर. या प्रवाहात डब्यातून आलेल्या २० मिलिग्रॅम मिथेनॉलची भर किती ते तुम्हीच ताडून पाहा.

उरलेले दोन तुकडे अन्नातलेच. पेलाभर दुधात साधारण ८ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि त्यातून ४०० मिलिग्रॅमच्या आसपास फेनिलॅलानिन मिळतं. २०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेमच्या डब्यातून मिळणारं फेनिलॅलानिन या दुधातल्याच्या पाव हिश्शाएवढं असतं.

शंका हवेतून आली नव्हती

इतकं सरळ आहे तर पन्नास वर्षं वाद का चालला? याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर सुरुवातीचा इतिहास सांगावाच लागतो. "हा सगळा अफवांचा खेळ" असं म्हणून तो झटकून टाकणं मला पटत नाही.

अन्न आणि औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनं, एफडीएनं, १९७४ मध्ये ॲस्पार्टेमला परवानगी दिली. लगेच आक्षेप आले. मेंदूवर संशोधन करणारे जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या पिल्लांना ॲस्पार्टिक आम्ल जास्त प्रमाणात दिल्यास मेंदूला इजा होते, याकडे बोट दाखवलं. त्यातच सर्ल कंपनीनं सादर केलेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नोंदींत गंभीर त्रुटी असल्याचं एफडीएच्याच तपासणीत पुढे आलं, आणि १९७५ मध्ये परवानगी स्थगित झाली. पुढे तीन शास्त्रज्ञांचं चौकशी मंडळ नेमलं गेलं. १९८० मध्ये त्यांनी मेंदूला इजा होते हा आक्षेप फेटाळला, पण उंदरांमधल्या मेंदूच्या गाठींबद्दल आणखी प्रयोग व्हायला हवेत आणि तोवर परवानगी देऊ नये, असं सांगितलं.

१९८१ मध्ये एफडीएचे नवे आयुक्त आर्थर हल हेज यांनी मंडळाचं हे मत बाजूला सारून कोरड्या पदार्थांसाठी परवानगी दिली. १९८३ मध्ये ती फसफसत्या पेयांनाही मिळाली. त्या काळात सर्ल कंपनीच्या प्रमुखपदी होते डोनाल्ड रम्सफेल्ड, म्हणजे अमेरिकेचे माजी, आणि पुढे पुन्हा झालेले, संरक्षणमंत्री. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की संशय यायचाच. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेनं १९८७ मध्ये मंजुरीची प्रक्रिया तपासली आणि एफडीएनं ती रीतीप्रमाणे पार पाडल्याचं म्हटलं, तरी लोकांच्या मनातलं किल्मिष गेलं नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ॲस्पार्टेममुळे मेंदू आणि मज्जासंस्थेचे आजार होतात असं सांगणारं एक पत्र ईमेलवरून जगभर फिरलं, तेव्हा त्याला लगेच श्रोते मिळाले ते यामुळेच.

मी हे असं पाहतो: १९८१ चा निर्णय घाईचा वाटला असेल तर त्यात गैर काही नाही. पण त्या वेळचे कागद कमी होते म्हणून पदार्थ घातक ठरत नाही. त्यानंतर चाळीस वर्षं त्या कंपनीशी संबंध नसलेल्या लोकांनीही तो तपासला, आणि आज आपण मत बनवायचं ते त्या तपासावरून.

२०२३ ची बातमी

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेनं, आयएआरसीनं, ॲस्पार्टेमला "माणसांत कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता" या गटात, म्हणजे २बी मध्ये, टाकलं. त्याच दिवशी, त्याच संघटनेच्या छत्राखालच्या, अन्नात मिसळायच्या पदार्थांची सुरक्षितता तपासणाऱ्या दुसऱ्या समितीनं, जेक्फानं, रोजच्या सेवनाची जुनी मर्यादा तशीच ठेवली: दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅमपर्यंत. एकाच घरातून दोन निरोप आले, आणि बातम्यांत पहिलाच गाजला.

दोन निरोप एकमेकांना खोडत नाहीत, कारण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. आयएआरसीचं काम साक्षीपुराव्याचं वजन करण्याचं. हा पदार्थ कधीतरी, कुठल्यातरी मात्रेत कर्करोग करू शकतो का, याचे साक्षीदार किती भक्कम आहेत, एवढंच ती सांगते. गुन्हा केवढा मोठा, हे सांगत नाही. म्हणून तिच्या पहिल्या गटात तंबाखू आहे आणि प्रक्रिया केलेलं मांसही आहे. दोन्हींविरुद्धचा पुरावा पक्का, पण दोन्हींचा धोका सारखा मुळीच नाही. ६५ अंशांहून गरम पेयं ॲस्पार्टेमच्या वरच्या गटात, २ए मध्ये, आहेत. २बी म्हणजे साक्षीदार आहेत, पण डळमळीत.

ते साक्षीदार कोण? मुख्यतः यकृताच्या कर्करोगाबद्दलचे मोजके अभ्यास. त्यात लोकांनी ॲस्पार्टेम किती घेतलं हे मोजलेलं नव्हतं. साखर नसलेली पेयं किती प्यायली हे विचारलं होतं आणि त्यावरून अंदाज बांधला होता. इथेच पाय घसरतो. अशी पेयं जास्त कोण पितं? ज्यांचं वजन वाढलंय, ज्यांना मधुमेह आहे किंवा होईल अशी भीती आहे, ते. आणि लठ्ठपणा व मधुमेह हे दोन्ही स्वतःच यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवतात. मग डब्याचा दोष किती आणि ज्या आजारामुळे डबा हातात आला त्याचा किती, हे अशा अभ्यासांतून वेगळं काढणं फार कठीण असतं.

फ्रान्समधला एक मोठा अभ्यास जास्त काळजीनं झाला होता, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. १,०२,८६५ प्रौढांच्या खाण्याची तपशीलवार नोंद ठेवून, २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: जास्त ॲस्पार्टेम घेणाऱ्यांत कर्करोगाचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा १५ टक्क्यांनी जास्त. हा आकडा मी बाजूला टाकत नाही. पण तोही निरीक्षणाचाच अभ्यास आहे, आणि वर सांगितलेली अडचण त्यालाही चुकलेली नाही. अमेरिकेत २००६ मध्ये सुमारे पावणेपाच लाख मध्यमवयीन आणि वृद्धांवरचा अभ्यास आला. त्यात रक्ताचे आणि मेंदूचे कर्करोग पाहिले होते, आणि ॲस्पार्टेमशी त्यांचा संबंध आढळला नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत सगळ्यात गाजलेले इटलीतल्या रामाझिनी संस्थेचे. उंदरांना त्यांच्या मरणापर्यंत ॲस्पार्टेम देऊन, २००६ आणि २००७ मध्ये त्यांनी रक्ताचे कर्करोग वाढल्याचं सांगितलं. युरोपीय प्राधिकरणानं ते तपासले तेव्हा त्या उंदरांना श्वसनाचा जुना संसर्ग असल्याकडे लक्ष वेधलं, कारण अशा संसर्गातूनही तशा गाठी दिसू शकतात. २०१३ मध्ये याच प्राधिकरणानं सगळं उपलब्ध संशोधन नव्यानं चाळून ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम केली.

मला यात सगळ्यात वजनदार वाटतो तो मुद्दा पुन्हा आतड्याकडेच नेतो, आणि जेक्फानंही तोच मांडला. ॲस्पार्टेम आतड्यातच पूर्ण मोडतं, आणि त्यातून निघणारे तिन्ही तुकडे रोजच्या अन्नातूनही, बहुधा जास्तच, आत जातात. मग कर्करोग व्हायचा तर तो कोणत्या वाटेनं? ती वाट अजून कुणी दाखवलेली नाही. उद्या कुणी दाखवली तर मला माझं मत बदलावं लागेल.

बाबांची डबी

त्या जुलैमध्ये माझ्या बाबांनी गोळ्यांची डबी माझ्यापुढे ठेवली. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. "फेकून देऊ का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी विचारलं, दिवसाला किती गोळ्या? चार. म्हणजे ८० मिलिग्रॅम. त्यांचं वजन ६५ किलो. ६५ गुणिले ४० म्हणजे २,६००. त्यांच्या मर्यादेचा बत्तिसावा भाग. हा हिशेब मी कागदावर मांडून दिला, तो त्यांनी डबीतच घडी करून ठेवलाय.

हे ४० मिलिग्रॅम कुठून आले तेही त्यांना सांगितलं. उंदरांना दोन वर्षं रोज दर किलोमागे ४,००० मिलिग्रॅमपर्यंत देऊनही अपाय दिसला नाही. त्या आकड्याला १०० नं भागलं: दहापट, कारण माणूस उंदीर नव्हे, आणि आणखी दहापट, कारण माणसामाणसांत फरक असतो. अमेरिकेत ही मर्यादा ५० आहे. म्हणजे मर्यादा ओलांडली की लगेच विषबाधा, असा तिचा अर्थ नाही. आयुष्यभर रोज तेवढं घेतलं तरी चालेल, असा आहे.

मग बाबांनी चष्मा लावून डबी उलटी केली, ती बारीक ओळ वाचली आणि म्हणाले, "हे फेनिल काय आहे?"

ती बारीक ओळ

१९३४ साली नॉर्वेत ओस्लोमध्ये एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन असब्योर्न फोलिंग या डॉक्टरांकडे आली. दोन्ही मुलं जन्मतः धडधाकट दिसत होती, पण त्यांची बौद्धिक वाढ थांबली होती. त्यांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास यायचा. अनेक डॉक्टर झाले होते, पण आईनं विचारणं सोडलं नव्हतं. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. ओळखीचा तांबूस किंवा जांभळट रंग यायच्या ऐवजी ती गर्द हिरवी झाली. हा रंग कशाचा हे शोधत गेल्यावर फेनिलॅलानिनपासून बनणारा एक पदार्थ सापडला. फेनिलॅलानिनचं पुढे रूपांतर करणारं एन्झाइम या मुलांत काम करत नव्हतं, हे नंतर स्पष्ट झालं. त्यामुळे अन्नातलं फेनिलॅलानिन रक्तात साचत गेलं आणि वाढत्या मेंदूला इजा करत राहिलं. हाच फेनिलकेटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू. त्या दोन मुलांसाठी शोध उशिरा लागला होता.

आज अनेक देशांत जन्मानंतर काही दिवसांतच बाळाच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचा थेंब गाळणकागदावर घेतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गुथ्री यांनी ही तपासणी सोपी आणि स्वस्त केली. अमेरिकेत साधारण १०,००० ते १५,००० जन्मांमागे एका बाळात हा दोष सापडतो. वेळीच कळला तर मूल इतरांसारखं वाढतं, पण त्यासाठी खाण्यावर कडक बंधनं येतात. दूध, अंडी, मांस, डाळी जवळजवळ वर्ज्य. दिवसाचं फेनिलॅलानिन मिलिग्रॅममध्ये मोजून द्यायचं. अशा घरात एका डब्यातले १०० मिलिग्रॅम ही क्षुल्लक भर नसते. दिवसाच्या हिशेबातला तो मोठा वाटा खाऊन टाकतो. ४० मिलिग्रॅमची मर्यादा या लोकांसाठी नाहीच. ही एक ओळ वाचून पालक डबा परत ठेवतात, आणि त्यासाठीच ती छापलेली असते.

चघळायच्या गोळ्या, पाण्यात विरघळणाऱ्या औषधांच्या पुड्या, मुलांची काही द्रव औषधं, यांतही ॲस्पार्टेम असू शकतं. पीकेयू असलेल्या बाईला मूल हवं असेल तर गर्भारपणाच्या आधीपासूनच रक्तातलं फेनिलॅलानिन आटोक्यात ठेवावं लागतं, नाहीतर बाळाला स्वतः हा आजार नसला तरी त्याच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होऊ शकते.

डोकेदुखी, उष्णता आणि वजन

"ॲस्पार्टेम घेतलं की माझं डोकं दुखतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण कारण ॲस्पार्टेमच का, हे पाहायला ब्रिटनमध्ये एक नीटस प्रयोग झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ॲस्पार्टेम सोसत नाही असं स्वतः सांगणारे ४८ जण आणि तितकेच इतर घेतले. त्यांना दिसायला आणि चवीला सारख्याच वड्या खायला दिल्या, एकीत १०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम, दुसरीत नाही. कोणती कुठली हे खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. दोन्ही वड्यांनंतरच्या तक्रारींत फरक निघाला नाही. तरीही तुम्हाला त्रास होतो असं वाटत असेल तर ते टाळण्यात तोटा काहीच नाही.

ॲस्पार्टेम उष्णतेत टिकत नाही. भाजायच्या किंवा बराच वेळ उकळायच्या पदार्थात घातलं तर तुकडे सुटतात, किंवा डायकीटोपिपरझिन नावाचा दुसरा पदार्थ बनतो, आणि गोडी जाते. जुना झालेला डबा फिका लागतो तोही त्यामुळेच. या दुसऱ्या पदार्थालाही स्वतंत्र मर्यादा ठरवलेली आहे, किलोमागे ७.५ मिलिग्रॅम, म्हणजे तो नजरेतून सुटलेला नाही. पुडीतून घेणाऱ्यांनी मात्र घटक नीट वाचावेत. २०-४० मिलिग्रॅम पूड चिमटीतही येत नाही, म्हणून भर घालायला डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन वापरतात, आणि ते रक्तातली साखर वाढवतात. एका पुडीत ते थोडंच असतं, पण दिवसाला दहा पुड्या घेणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

लहान मुलांचा हिशेब वेगळा करा, कारण मर्यादा वजनावर आहे. २० किलोच्या मुलाला दिवसाला ८०० मिलिग्रॅम, आणि ३०० मिलिग्रॅमचे तीन डबे झाले की ती ओलांडली जाते. मोठ्या माणसाला ज्या आकड्यापर्यंत पोहोचणं अवघड, तिथे मूल एखाद्या समारंभाच्या दिवसात पोहोचू शकतं. एका दिवसानं काही बिघडणार नाही, पण ही रोजची सवय असू नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

आणि वजन. इथे माझं मत कंपन्यांच्या जाहिरातींशी जुळत नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेविरहित स्वीटनर वापरू नयेत अशी शिफारस केली. दीर्घ काळात शरीरातली चरबी कमी व्हायला त्यांची मदत होते असं दिसत नाही, हे त्याचं कारण. घरात ही बातमीही कॅन्सरच्या बातमीत मिसळून गेली होती, "बघा, तेही नको म्हणतात" अशी. म्हणून मी ती शिफारस काढून बाबांना वाचून दाखवली. ती सशर्त शिफारस आहे, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती नाही, असं त्यातच लिहिलंय. बाबांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि डबीचं झाकण लावलं.